झडती

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
रोज सुटताना हात वर करून झडती दिली.
खिसे, डबा, चपलेचा तळवा.
कागदाचा कोरा कपटाही
त्या भिंतीबाहेर माझ्यासोबत आला नाही.

आणि निवृत्तीनंतर कळलं,
माझ्या घराला गेटच नव्हतं.
पेन्शनचे कागद, नातवाचं जावळ,
दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सहाशे चौदा नंबर
कुठल्याशा परक्या गोदामात,
आणि तिथून निरोप: जागा भरली, भाडं वाढवा.

मग एलिशा आली, शरणपूरच्या साळव्यांची धाकटी.
माळ्यावरचा जुना संगणक तिने खाली घेतला,
पंख्यातली धूळ रंगाच्या ब्रशने झटकली,
इन्व्हर्टरशेजारी मांडला.
"काका, तीन सॉफ्टवेअर आहेत. निवडा."

पहिलं म्हणजे मंगल कार्यालय.
फायली, तारखा, गप्पा, पाककृतींची वहीसुद्धा,
शिवाय दर महिन्याची डागडुजी.
दुसरं नुसता हरकाम्या:
या फोनमधली फाईल त्या फोनमध्ये, चूपचाप.
तिसरं एवढंसं. तारखा आणि माणसं,
ज्याचं त्याचं कुलूप,
संगणक ज्याचा त्यालाही आतलं वाचता येत नाही.

मला अर्थात कार्यालय आवडलं.
सगळं एका छपराखाली, नोंदवहीसकट.

शालन चिवड्यातले दाणे वेचत होती.
"किल्ली कुणाकडे?"
"माझ्याकडे. ॲडमिन मी."
"म्हणजे माझ्या तारखा तुम्ही बघणार."
"त्यात असं काय आहे बघण्यासारखं?"
म्हणालो, आणि तोंडातून निघता निघता
ओळखू आला गेटवरच्या कदमचा आवाज:
डबा उघडा. असं काय आहे त्यात?

एलिशा स्क्रीनकडेच बघत राहिली.

दुसरं आणि तिसरं बसवलं.
शालनने आपला पासवर्ड टाकला, पाठ करून,
माझ्याकडे पाठ करून.

आता जेलरोडला वीज गेली की यंत्र मरतं,
आली की शिट्टी देऊन उठतं,
आणि तिच्या रकान्यातली करडी पट्टी जागच्या जागी.
गुरुवार, चार ते सहा: व्यस्त.
एवढंच दिसतं मला.

पावणेचारला ती चपला घालते.
मी फाटक उघडून धरतो.
पिशवीत काय आहे
ते तिचं ती जाणे.