नववी ओळ

सोहारच्या आमच्या कारखान्यात
पत्रा वाकवायचं जुनं यंत्र
नव्वद अंश मागितले की आता साडेएक्याण्णव देतं.
तीन कोटेशनं आली: बुर्सा, नागोया, नानजिंग.
निवडायचं मी.

तोंडी नको, नासिरसाहेब म्हणाले, आकड्यांत दाखव.
म्हणून आठ निकष, आठ ओळी, आठ रकाने.
किंमत, अचूकता, वेग, वीज,
सुटा भाग किती दिवसांत पोचतो,
बातिनाच्या धुळीत टिकेल का,
जुलैच्या दुपारी तेल किती तापेल,
हात आत गेला तर थांबतं का.

मग एकेक जोडी समोरासमोर.
किंमत की अचूकता? अचूकता, जराशी. तीन.
वीज की वेग? सारखंच. एक.
अचूकता की हात?
पट्टी नऊपर्यंतच जाते,
पुढे जायची सोय नाही.
मी नऊ लिहिले आणि थोडा वेळ तशीच बसले.

इचलकरंजीत एकदा माझेही गुण मोजले होते,
छत्तीसातले साडेएकवीस.
अठराला पास.
नाडीला इतके, गणाला इतके, योनीला इतके,
सगळी वजनं आधीच ठरलेली.
मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते
आणि रकाने कुणी आखले
हे विचारायचं मलाही सुचलं नाही.

रात्री सुसंगती तपासली.
शून्य पूर्णांक एकच्या आत हवी, आली ०.१७.
म्हणजे किमतीपेक्षा वेग मोठा म्हणाले होते,
वेगापेक्षा धूळ,
आणि धुळीपेक्षा पुन्हा किंमत.
घाण्याच्या बैलासारखी फिरून तिथेच.
गणित रागावत नाही,
एवढंच सांगतं, बाई,
तुझंच तुला पटत नाहीये.

दोन आकडे बदलले. ०.०८.
नागोया पहिलं.

सकाळी तरी खाली गेले.
उंटावरून शेळ्या हाकू नयेत म्हणतात,
आणि इथे तर कुंपणापलीकडे
खरेच उंट उभे असतात, रवंथ करत,
कुणालाच न हाकता.
टेकनाथ अकरा वर्षं या यंत्रावर आहे.
नवं कसं हवं, विचारलं.
त्याने चिंधीला हात पुसले,
एकेक बोट वेगळं पुसलं.
"मॅडम, उंची."

त्याच्या पायाखाली लाकडी पॅलेट.
दोन फळ्या नंतर बसवलेल्या,
मधल्या फळीला टाचांनी पाडलेली खोलगट वाटी.
दर पत्र्याला एकदा खाली, एकदा वर.
मी रोज तिथून जात होते
आणि ते पॅलेट
यंत्राचाच भाग समजत होते.

नववी ओळ: टेबलाची उंची.
नववा रकाना.
आठ नवे प्रश्न, आठ नवी उत्तरं.
वजन आलं ०.०४१, फार नाही.
पण बुर्साचं टेबल खाली-वर होतं,
आणि बुर्सा पुढे गेलं,
०.००६ ने.

हिशेबाचे खमीस चष्मा वर सारून म्हणाले,
०.००६ काय? मिलिमीटर? दिवस? रियाल?
याला एकक नसतं, मी म्हटलं.
रियाल धरले तर सहा बैसा, ते हसले,
सहा बैसांत इथे चहासुद्धा येत नाही.
खरं होतं. मी काही बोलले नाही.
नासिरसाहेब नवव्या ओळीवर बोट ठेवून
बराच वेळ बसले होते.
सही केली तेव्हाही
ते बोट तिथेच होतं.

बुर्साची पेटी ऑक्टोबरात आली.
क्रेन, खिळे, प्लास्टिक, तुर्की अक्षरं,
आणि सगळ्याच्या खाली
नवंकोरं पाइनचं पॅलेट.
सगळे यंत्राभोवती जमले, फोटो काढले.
टेकनाथ वाकला,
पॅलेटच्या फळीवर दोनदा बोटाने ठोकलं,
आवाज ऐकला.

"हे टाकू नका," म्हणाला,
"असू दे. लागेल."