रकाना ‘क’

ऐरोलीत, नवव्या मजल्यावर, मी एका खेळाचे संवाद लिहिते.
सराईवाला, लोहार, विहिरीवरची म्हातारी,
शेळी हरवलेला पोरगा (त्याची एकट्याची चौसष्ट वाक्यं:
शेळी सापडली तर, मेली तर,
नायकाने आधीच विकून टाकली असेल तर).
एक्सेलमध्ये रकाना अ : कोण.
रकाना ब : काय बोलतं.
रकाना क नायकाचा.
वरपासून खालपर्यंत पांढरा.

सालढाणा सर म्हणतात, तो मुद्दाम गप्प आहे,
खेळणाऱ्याला आत शिरायला जागा नको?
जणू गप्प माणूस म्हणजे
घणसोलीतलं वन रूम किचन,
डिपॉझिट भरा, चावी घ्या.

मी काही बोलले नाही.
तशीही फारशी बोलत नाही.

आठवीत पहिल्यांदा खेळले असा खेळ,
सेक्टर सहात, भावाच्या मित्राकडे.
नाव टाका, म्हणाला पडदा.
बोटांनी टाकायचं होतं, तोंडाने नाही.
इतक्या सहज मी माझं नाव कुणाला सांगितलं नव्हतं.
इंग्रजी आठच अक्षरं मावायची, नववं बाहेर राहिलं
आणि कादंबरीचा कादंबर झाला,
तलवारवाला, मानेवर रुळणारे केस,
ज्याला बघताच अख्खं गाव आपणहून बोलू लागायचं.
‘सावकाश बोल बाळा, श्वास घे’
असं त्याला कुणी म्हणत नसे.
तो कुणाच्याही घरात घुसायचा, रांजण फोडायचा,
मालक म्हणायचा, पूर्वेच्या जंगलात जपून जा हो.

एकच खटकायचं.
राजा विचारी, राज्य वाचवशील?
हो. नाही.
‘नाही’ दाबलं की राजा हसे
आणि पुन्हा विचारी, राज्य वाचवशील?
मी एकदा एकेचाळीस वेळा ‘नाही’ दाबलं.
मित्राची आई आतून म्हणाली, बिघडलंय का रे ते?

गेल्या महिन्यात टेस्टिंगच्या हर्षल मढवीने बग टाकला :
नायक लाकडी पुलावर दहा मिनिटं नुसता उभा राहिला
तर त्याचं तोंड उघडतं. हनुवटी थरथरते. डोळे मिटतात.
आवाज येत नाही.
साडेतीन सेकंद. मग पूर्ववत.
गांभीर्य : किरकोळ.

सोबतचा व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला.
हनुवटी ओळखीची.
शब्द नसला की असं होत नाही, हर्षल.
शब्द असतो, अख्खा,
दातांमागे चपला घालून उभा.
दार लागलेलं असतं.

खाली लिहिलं : अपेक्षित वर्तन. बंद.

तो टेबलाशी आला.
मॅडम, मग काय म्हणणार असतो तो तिथे?
माहीत नाही, म्हणाले.
हे खोटं होतं.

साडेसातची बस. डावीकडे पारसिकचा डोंगर,
खणून खणून उरलेला.
राहते कोपरखैरण्याला, तिकीट काढते वाशीचं.
‘वा’ ओठांवरून घसरतो, ‘को’ घशात रुततो.
तीन रुपये जास्त, रोज.
एकदा हिशेब केला : एक जुना कन्सोल आला असता.

काल कंडक्टर म्हणाला, कुठे?
तोंड उघडलं.
हनुवटी.
रबाळे गेलं.
मागून कुणीतरी म्हणालं,
वाशी द्या हो, त्यांचं रोज वाशीच असतं.
मशीन किरकिरलं.
मी मान हलवली. नाही.
तो हसला
आणि पुन्हा विचारलं, वाशी ना?

नाही.

घणसोलीच्या सिग्नलला बस थांबली.
तिकिटाचं टोक मशीनला लोंबत होतं.
बाहेर लाल आकडे उलटे मोजत होते,
चौऱ्याऐंशी, त्र्याऐंशी.
वेळ भरपूर होता.