निशाणी तेवीस

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर
कडुनिंबाखाली माझं टेबल. अठ्ठावीस वर्षं.
आधी रेमिंग्टन, आता पडद्याला तडा गेलेला लॅपटॉप,
आणि मानेवर एक ओला टॉवेल, मे महिन्यापुरता.

फुलाबाई सयाम अकराव्यांदा आल्या.
सोबत भाचा चैनलाल, पिवळा गमछा, थैलीत डबा.
विश्वस्त सात होते. दोघं वारले.
त्यांच्या जागी नवी नावं घालता येत नाहीत,
कारण ज्यात बदल करायचा
ते अजून नोंदलेलंच नाही.
हे मी त्यांना दरवेळी समजावतो
आणि दरवेळी मलाच नीट समजत नाही.

देवतेचे नाव: फडापेन.
मूर्ती, धातू, अंदाजे किंमत:
मूर्ती नाही. साजाचं झाड आहे,
कोराडी रस्त्याच्या पलीकडे, नाल्याच्या काठी.
"लाकूडवाला आठ हजार म्हनत होता," भाचा बोलला.
"ते नोको लिवू," बाई म्हणाल्या.

मागच्या उन्हाळ्यात हरकतदाराचे वकील उभे राहिले:
हा वेगळा धर्म नव्हेच, आमचीच शाखा.
बाईंनी थैलीतून फांदी काढली,
साहेबांच्या टेबलावर ठेवली.
"हे घ्या जी शाखा. कोनाची हाय, झाडाले इचारा."
मागे कोणी हसलं. साहेब हसले नाहीत.
चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला: निशाणी तेवीस.
तेव्हापासून ती फाईलच्या दोऱ्याखाली दबून आहे.
दर तारखेला पानांचा थोडा चुरा सांडतो,
शिपाई झाडून घेतो.

माझ्या बापाच्या दाखल्यावर नवबौद्ध होतं.
माझ्या. मुलीच्याही.
वाटायचं, त्यातलं 'नव' कधीतरी जुनं होईल.

आज फॉर्म ऑनलाइन झालाय.
धर्माच्या रकान्यात आता लिहिता येत नाही,
निवडावं लागतं.
यादी खाली ओढत नेली. तळाशी: इतर.
"इतर म्हंजे कोन जी?"
बाकीचे मोजून झाल्यावर जे उरतात ते, मी म्हणालो.
बाई पडद्याच्या तड्याकडे बघत राहिल्या.
"मंग दाबा. उरलोच त आहो आमी."

दाबलं. गोल चकती फिरत राहिली,
मग आतल्या कूलरचा आवाज थांबला. लाइट गेली.
त्यांनी डबा उघडला, अर्धी भाकर मला दिली,
मोहाची, उन्हानं अजून कोमट.
पुढची तारीख सतरा जुलै.