एकमताने

हजिऱ्याच्या चौकात, गजकवाल्याच्या वर,
एकोणीस पायऱ्या चढून युनियनचं ऑफिस.
जानेवारीत खाली तीळ-गूळ कुटतात,
धप्प, धप्प, दोन माणसं आळीपाळीनं,
आणि वर टेबलावरचा ग्लास थरथरतो.
गिरणी बंद पडून बारा वर्षं झाली.
या भागात तेवढाच एक ठेका उरलाय.

इतिवृत्त मी लिहिते. हिंदीत.
भांडायचे मात्र कॉम्रेड पाटणकर मराठीत,
एका वेलांटीवरून,
एका 'परंतु'वरून.
"परंतु हा मालकाच्या बाजूचा शब्द आहे, इंगळेबाई. खोडा."
मी खोडायची.

एकतीस वर्षं सरचिटणीस.
या शहरात गादीवर बसलेला माणूस
उठतो तो फोटोत जाण्यासाठीच.
त्यांच्या पाया पडायला कोणी वाकलं की ओरडायचे,
"सरळ उभा राहा, कणा काय उसना आणलायस?"
माणूस सरळ उभा राहायचा
आणि मग ते सांगतील तिथे सही करायचा.

रामदीन कुशवाह. कताई खात्यातला,
डाव्या हाताला तीनच बोटं.
एकदा उठून म्हणाला, संपफंडाचा हिशेब वाचा.
पुढच्या सभेपासून त्याला नोटीस गेली नाही.
मी लिहीत गेले : गैरहजर. गैरहजर. गैरहजर.
अक्षर माझंच आहे. सुबक आहे.

काल सभा झाली.
सत्तावीस जण, त्यातले नऊ खोकणारे,
हीटरची एकच कांडी लाल.
कॉम्रेड टेबलाला धरून उभे राहिले.
म्हणाले, मला खटल्याच्या तारखा आठवतात,
माणसांची नावं आठवत नाहीत.
अशानं या खुर्चीत बसू नये.
राजीनामा ठेवतोय. मंजूर असेल त्यांनी हात वर करा.

या खोलीत सांगितलं की हात वर गेलेत,
संपासाठी, संप मागे घेण्यासाठी,
नकाशात बोट ठेवता आलं नसतं
अशा देशातल्या जनतेला पाठिंबा देण्यासाठी.
काल एकही हात हलला नाही.
प्रेम होतं का ते? की धाक?
की शालीतून हात काढायचा कंटाळा?
खाली धप्प. धप्प.
ग्लासातलं पाणी तेवढं हललं.

मग त्यांनी स्वतःचाच हात वर केला.
बाही खाली आली, सैल घड्याळ
मनगटावरून कोपराकडे घसरलं.
"मोजा."
मी मोजलं. एक.

लिहिलं : प्रस्ताव एकमत से पारित.
दोन्ही भाषांत शब्द तोच.
चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचलं.
"एक आणि मत यांच्यामध्ये
जरा जागा सोडायला हवी होती,"
म्हणाले, आणि पहिल्यांदाच
काही न खोडता सही केली.

जिन्यात, अकराव्या की बाराव्या पायरीवर थांबले.
"तो तीन बोटांचा आला नव्हता का?"
मी नाव सांगितलं.
तो जाऊन सहा वर्षं झाली, हे नाही सांगितलं.
"नोटीस गेली होती ना त्याला?"
खालून गुळाचा वास येत होता.
मी कठडा धरला.

टेम्पोपर्यंत सोडायला गेले.
कपाटाची किल्ली त्यांच्या खिशातच राहिली,
ते मला आज सकाळी लक्षात आलं.
टेम्पोतलं पोर नवं होतं, ओळखलं नाही त्यानं.
"कहाँ उतरोगे, बाबा?"

इथे सगळेच नुसतं 'बाडा' म्हणतात, सोयीनं.
ते ठरवून म्हणायचे.
मागचा शब्द त्यांनी एकतीस वर्षं
तोंडात येऊ दिला नव्हता,
एका प्रेस नोटमध्ये माझ्या हातून चुकून आला
तर अख्खा कागद फाडला होता.

"महाराज बाडा," ते म्हणाले, पुरं,
आणि टेम्पोच्या दिव्याखाली हात धरून
सुटे पैसे मोजायला लागले.