पडत्या पंखाखाली

बत्तीस वर्षं मी तारांकडे पाहिलं.
आभाळ असायचं, पण त्यांच्या मागे.
निवृत्त झालो तेव्हा ऑफिसानं शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं,
आणि कोहळ्यांच्या विपुलनं
कूलरच्या खोक्यातला थर्माकोल आणून टाकला ओसरीवर.
"काका, इमान करू."

ब्लेड तापवून पंख कापला.
पोटातून बांबूची कमची घातली, वरून खाकी टेप.
मोटर नागपूरहून आली, लिंबाएवढी,
तिच्यापेक्षा जड तिचं बिल.
सर्व्हो म्हणजे काडेपेटीच,
फक्त कान हलवणारी.
धनराजच्या किराण्यात काट्यावर ठेवलं: सहाशे दहा ग्रॅम.
"तुरीच्या दायीपेक्षा महाग पडलं," तो म्हणाला,
आणि वजनाचे पैसे घेतले नाहीत.

मग तोल.
पंखाच्या रुंदीचे तीन भाग करायचे,
पुढचा भाग संपतो तिथे खालून दोन बोटं.
शेपूट बसली.
बॅटरी पुढे सरकवली. परत बसली.
नाकात दोन नट कोंबले, डीपीच्या कामातून उरलेले,
तेव्हा कुठे बोटांवर थांबलं,
नाक जरासं खाली घालून,
नव्या जागी आल्यासारखं.

सकाळी सहाला, वारा उठायच्या आत,
घोडामांच्या वखरलेल्या वावरात.
"वावरात पडलं तं जुळते," विपुल म्हणाला,
"सडकीवर पडलं तं येचा लागते."

पहिल्या दिवशी अकरा सेकंद उडालं.
विपुलनं मोजले.
मी ओरडत होतो.

दुसऱ्या रविवारी नीट गेलं.
माझ्याकडे पाठ होती तोवर सगळं ऐकलं,
मग वळलं, तोंड माझ्याकडे केलं,
आणि मी डावं म्हटलं की ते माझ्या उजवीकडे.
फेज उलटली की मोटर उलटी फिरते, हे मला ठाऊक.
तिथे दोन तारा बदलल्या की झालं.
इथे बदलायला मीच होतो.
ढेकळात नाक. पुन्हा गोंद. पुन्हा टेप.

धुऱ्यावर बकऱ्या घेऊन बसलेली वनिता, नववीतली,
तीन रविवार पाहत होती. चौथ्याला बोलली:
"डावं-उजवं कायले पाहता?
मांडव ज्या अंगानं झुकला
टेकू त्याच अंगाले लावते ना?
जो पंख पडून राह्यला, त्याच्याखाली काडी द्या."

विपुल गप्प.
मी फेकायला दिलं, रिमोट धरला.
वळलं. आलं माझ्याकडे.
इकडचा पंख कलंडला. काडी इकडे.
उठला.
तिकडचा कलंडला. काडी तिकडे.
उठला.

पऱ्हाटीवरून, बंडीवाटेवरून,
एका बकरीनं मान वर केली इतकं खालून,
मग वर, पळसांच्या वर, उन्हात.
लाइन कुठून जाते हे मला बघावं लागत नाही.
मी फक्त पंख बघत होतो,
आणि मागे काहीच नव्हतं, म्हणजे आभाळ होतं.

चार मिनिटांचा गजर वाजला.
उतरवणं आम्ही कोणीच शिकलो नव्हतो.

बाभळीवर चढलो मग.
सबस्टेशनला फोन न करता, परमिट न घेता,
आयुष्यात पहिल्यांदा.
काट्यांनी शर्ट धरला, मी फांदी.
खालून विपुल: "नाक शाबूत हाय का?"
"कोणाचं?" मी विचारलं.
वनिता तेवढ्यात रिमोट घेऊन
काड्या हलवून पाहत होती,
आणि माझ्या हातात, बाभळीच्या शेंड्याला,
कान हलत होते.