वजनकाटा

इकडे जून म्हणजे हिवाळा.
पहाटे चारला रस्त्यावर मीठ सांडल्यासारखं दव गोठतं.
लोकरीच्या गोण्या पूर्वी जिथे ट्रकसकट तोलायचे
त्या बंद वजनकाट्याच्या पत्र्यावर
आम्ही नारिंगी शंकू मांडतो:
सार्जंट डन्कन, मी, आणि एक थर्मास.

गाडी थांबते. काच खाली येते.
"दहापर्यंत मोजा," म्हणत मी यंत्र पुढे धरते.
किती तऱ्हांनी मोजतात माणसं!
मांसाच्या कारखान्यातून रात्रपाळी उरकून आलेला सिओने
चारवरच जांभई देतो.
या महिन्यातली त्याची ही पाचवी खेप.
थेंबाला शिवत नाही, रविवारी चर्चमध्ये खर्ज लावतो,
पण कारखान्याचा रस्ता एकच, आणि काटा त्याच रस्त्यावर.
"पुढच्या वेळी मी धरतो यंत्र, तू मोज," म्हणतो. हसतो.
ते हसू त्याला काय भावाने पडतं
हे कुठल्या रकान्यात लिहू?

एका गाडीत आजीच्या आधीच मागची नात मोजू लागते,
झोपाळू, माओरीत: ताही, रुआ, तोरु, फा...
यंत्र तिलाही हिरवा दिवा दाखवतं.

म्हातारा मकॉस्टी मात्र मोजत नाही.
"संशय कशाचा आहे माझ्यावर?"
कशाचाच नाही.
"मग अडवलंस का?"
म्हणूनच. सगळ्यांनाच अडवतो.
"असं होय. सगळ्यांना चिमूट चिमूट वाटला
की संशय संशय राहत नाही!"
माझ्याकडे उत्तर होतं, छापील.
त्याच्या मागच्या पिंजऱ्यात कुत्रा थंडीने कुडकुडत होता.
मी उत्तर गिळलं. तो दहापर्यंत मोजून गेला,
एकेक आकडा दगडासारखा टाकत.

साडेपाचपर्यंत एकशे चाळीस गाड्या. एकही नाही.
डन्कन ओव्हरटाइमचा हिशेब मांडतो,
आणि तेवढ्यात गावात कुणीतरी
हार्डवेअरच्या दुकानाची काच फोडलेली असते.

शिवाय आम्ही उभे राहिलो की दहा मिनिटांत
ही खबर सगळ्यांच्या फोनवर.
प्यायलेले नदीकाठच्या कच्च्या रस्त्याने जातात.
मागच्या हिवाळ्यात टामाटी तसाच गेला.
गाडी विलोच्या फांद्यांत सापडली, दिवे चालू.
आम्ही नसतो तर तो इथूनच गेला असता,
खांबांच्या उजेडात, सरळ घरी.
किंवा समोरून सिओने आला असता.

सहा दहाला रसेल टिपेट.
शाळेची बस काढायला डेपोकडे निघालेला.
सहा वर्षं मला त्यानेच शाळेत सोडलं,
माझा डबा राहिला तर बस मागे वळवायचा.
पाच. सहा. सात.
सातवर थांबला. यंत्र लाल.
कालची होती; झोपेत उतरली असं त्याला वाटलेलं.
मी मागायच्या आत त्याने किल्ल्या हातावर ठेवल्या.
जुडग्याला कुणा पोराने विणलेली लोकरीची मेंढी,
एका डोळ्याची.

आजपासून बस नाही. तेवीस मुलं.
त्यांच्या आया गोठलेल्या खडीवरून
स्वतः गाड्या हाकतील, उशीर झालेल्या, वैतागलेल्या.
एकीने तर दुकानात माझ्याकडे पाठच फिरवली.
आणि ती तेवीस मुलं आज त्याच्याच मागे बसली असती,
हेही खरंच.
कदाचित काहीच झालं नसतं.
बहुतेक दिवशी काहीच होत नाही.

अहवालात लिहिते: गाड्या एकशे त्रेसष्ट, दोषी एक.
न झालेल्या अपघाताला रकाना नाही.
केबिनमधली काट्याची सुई
कुठल्याशा जुन्या टनावर गंजून बसली आहे;
डन्कन जाता जाता काचेवर टिचकी मारतो,
सवय म्हणून.

शंकू उचलले की पत्र्यावर
दव न पडलेली काळी वर्तुळं उरतात.
मी घरी नदीकाठच्या रस्त्याने जाते.
काच खाली करून, कुणी न विचारता,
मोजायला लागते.
सातपर्यंत येते.