काठावरचा

माँक्टनच्या हॉटेलात, बाहेर बर्फ,
आम्ही अकरा डॉक्टर
अजून न घडलेल्या एका डॉक्टरबद्दल बोलतोय.
तो जेमतेम लायक. काठावर पास.
असे शंभर बसवले
तर पोटॅशियमचा हा प्रश्न कितींना सुटेल?

मी लिहितो सत्तर. रॉडरिक ऐंशी.
ओडील आर्सेनो, बेटावर चाळीस वर्षं काढलेली,
लिहिते एकावन्न.
माना वळतात.
'तुझ्या डोळ्यांपुढे नक्की कोण आहे?'

ती चष्मा पुसते.
'एक पोरगी. फेरीबोट बंद, पहाटेचे तीन,
माझा नवरा निळा पडत चाललेला.
तिला डोस आठवेना.
आठवत नाही म्हणाली,
आणि फोन लावला.'

मी सत्तर खोडतो. काय लिहावं कळत नाही.

संध्याकाळी एमेरिक लॅपटॉपवर
आमचे आकडे मिळवतो, भागतो.
यंदाचा पेपर सोपा, म्हणून रेघ चार प्रश्न वर.
गेल्या सालचे काही प्रश्न यात पेरलेले,
त्यांच्या आधाराने दोन्ही सालं एका पट्टीवर.
मग कशाने तरी गुणतो, काहीतरी मिळवतो,
आकडा तीन अंकी, भारदस्त दिसावा म्हणून.
दोनशे सव्वीस.
त्यात ती पोरगी कितव्या दशांशस्थळी
तो सांगू शकत नाही.

पार्किंगमध्ये काचेवरचा बर्फ खरवडताना
मी विचारतो, 'नवरा?'

ओडील खरवडत राहते.
'गेला,' ती म्हणते.
'तरी एकावन्न.'